नागपुरात पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद कशी शोधावी

आधी घरातली जुनी पेटी उघडा. बायबलचं पहिलं पान, लग्नाचा दाखला, कबरीवरच्या मजकुराचा फोटो, यांतून नाव, अंदाजे साल आणि पंथ, एवढं कागदावर उतरवा. पंथ चुकला तर नुसते हेलपाटे होतात.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. "आमचं चर्च सीएनआयचं" (म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं) हे उत्तर १९७० नंतरच्या नोंदीपुरतंच कामाचं. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही नागपुरातच. त्याआधीचे अँग्लिकन वेगळे, प्रेस्बिटेरियन वेगळे. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप इथे आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्च या प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनरी म्हणून. तेच चर्च १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्च झालं, आणि १९२४ मध्ये उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची यूसीएनआय (युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया) झाली. त्यामुळे एकाच मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांवर वेगवेगळी नावं दिसू शकतात. नाव वेगळं दिसलं म्हणून वही बाजूला सारू नका. सदर भागातल्या ऑल सेंट्स चर्चची परंपरा अँग्लिकन. कॅथलिक घराणं असेल तर आपली पॅरिश (म्हणजे घर ज्या स्थानिक चर्चच्या हद्दीत येतं ते) कोणती ते आधी विचारून घ्या. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा आहे.

पाळकांना किंवा फादरांना आधी लेखी अर्ज द्या. त्यात नातं, नाव आणि पाच वर्षं मागे-पुढे धरून सालं लिहा. रविवारी उपासनेनंतरच्या गर्दीत वही मागू नये, सवडीचा दिवस ठरवून घ्यावा.

वही हाताळताना हात कोरडे हवेत. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. टिपणं पेन्सिलीने घ्या, शाईचा एक थेंबही नोंद कायमची खराब करतो. शाई फिकी असेल तर मोबाइलचा टॉर्च वरून न मारता पानाच्या कडेने आडवा धरा; निबेचे दाब उठून दिसतात. फोटोची परवानगी मिळाली तर ओळीबरोबर अख्खं पान आणि वहीचं मुखपृष्ठही घ्या, नाहीतर पुढे तो फोटो कोणत्या वहीचा तेच कळत नाही.

जुन्या कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये असतात. योहान तिथे 'जोआनेस', याकोब 'जाकोबुस'. 'नातुस' म्हणजे जन्मलेला, 'नाता' म्हणजे जन्मलेली. खरा सापळा महिन्याचा: ७ हा आकडा आणि पुढे 'बर' किंवा 'ब्रिस' अशी अक्षरं दिसली तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, रोमन दहा म्हणजे डिसेंबर. समासही वाचा, पुढे झालेल्या लग्नाची टीप पुष्कळदा तिथेच सापडते.

रोमन लिपीतली आडनावं ऐकू आली तशी लिहिलेली असतात. वानखेडे डब्ल्यूखाली शोधा, व्हीखाली शोधा, बीखालीही शोधा. मोठेपणी बाप्तिस्मा झाला असेल तर नोंद नव्या नावाने असू शकते, आणि मग जन्मसालाच्या आसपास शोधून काहीच हाती लागत नाही. अशा वेळी बायको-मुलांची नावं धरून पुढची पानं चाळा.

बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून लिहू नका. जन्माचा रकाना वेगळा असतो. नोंद सापडली की पान आणि नोंदीचा क्रमांक टिपा आणि सही-शिक्क्याचा उतारा त्याच कार्यालयातून मागून घ्या.