कमी खर्चात अंतराळ उभे करताना

विज्ञानकथेच्या मालिकेत स्पेशल इफेक्ट्सच्या खर्चाचा विचार चित्रीकरणानंतर नव्हे, तर संहिता लिहितानाच करावा. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेत अवकाशयान दर आठवड्याला ग्रहावर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून माणसांना क्षणात यानातून ग्रहावर पोहोचवणारा ‘ट्रान्सपोर्टर’ कल्पिला गेला. त्याची चमचम प्रखर प्रकाशात पडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या भुकटीच्या चित्रणातून साधली. जे दाखवणे महाग आहे त्याला वळसा घालणारा नियमच कथाविश्वात आणावा आणि पुढे तो काटेकोरपणे पाळावा, कारण प्रेक्षक काटकसर माफ करतात, विसंगती सहसा करत नाहीत.

यानाची बाह्यदृश्ये एकदाच नीट चित्रित करून अनेक भागांत वापरावीत. एखादा भाग उभ्या असलेल्या सेटवरच, मोजक्या पात्रांत घडवल्यास वाचलेला पैसा मोठ्या प्रसंगासाठी उरतो.

उपकरणांसाठी मात्र आधी बाजार धुंडाळावा. याच मालिकेसाठी आणलेल्या काही मीठदाण्या इतक्या वेगळ्या घडणीच्या निघाल्या, की प्रेक्षकांना त्या ओळखू येणार नाहीत असे वाटले. मग त्यांचीच यानावरचा डॉक्टर असलेल्या मॅकॉय या पात्राची शस्त्रक्रियेची हत्यारे झाली.