तोंड आलंय की बुरशी झालीय?

दम्यासाठी मी स्टिरॉइडचा इनहेलर सकाळ-संध्याकाळ घेते. तो सुरू केल्यावर काही आठवड्यांत जिभेवर पांढरा थर धरला. घरात सगळ्यांचं निदान एकच: "तोंड आलंय." मग मी आठवडाभर बी-कॉम्प्लेक्स घेतलं आणि रोज जीभ खरवडली. सकाळी काढलेला थर संध्याकाळी परत हजर, आणि त्याखालची जागा लाल, चुरचुरणारी. खरवडून मी फक्त स्वतःची जीभ सोलत होते.

तोंड येतं तेव्हा एखाद-दुसरा गोल व्रण असतो, मध्ये पिवळट, कडेला लाल, आणि नेमका तिथेच ठणकतो. बुरशीचे चट्टे मात्र जीभ, गालांची आतली बाजू, टाळू असे कुठेही पसरतात. ओल्या कापडाने हलकेच पुसले तर बरेचदा निघतात आणि खाली लाल दिसतं, क्वचित थोडं रक्तही येतं. तोंडात कापूस भरल्यासारखं वाटतं, चव जाते, ओठांचे कोपरे चिरतात. कवळीखाली तर पांढरं काहीच नसतं, नुसता टाळू लाल होतो. पुसूनही न निघणारा पांढरा चट्टा दोन-तीन आठवडे टिकला तर दंतवैद्याला दाखवाच. तंबाखू खाणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये.

कॅन्डिडा नावाची ही बुरशी बाहेरून येते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ती कित्येक धडधाकट लोकांच्या तोंडात गुपचूप राहते. अँटिबायोटिकने तिला आवर घालणारे जिवाणू मेले, तोंड कोरडं पडलं, रक्तातली साखर वाढली किंवा प्रतिकारशक्ती घटली की ती फोफावते. माझ्या बाबतीत इनहेलरचं औषध घशात आणि जिभेवर साचत होतं. तरी डॉक्टरांनी साखर तपासायला लावलीच. कारण दिसत नसेल तर तुम्हीही तपासून घ्या.

मला निस्टॅटिनचं पातळ औषध मिळालं: 4 मिलि, दिवसातून 4 वेळा. (तुमचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.) खाणं झाल्यावर ते तोंडात घ्यायचं, शक्य तितका वेळ घोळवायचं, मग गिळायचं आणि पुढचा अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. या औषधाला चट्ट्यावर टिकायला वेळ लागतो, एका घोटात संपवलं तर उपयोग नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश वापरत असाल तर दोन्हींत निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, नाहीतर निस्टॅटिन निकामी होतं. चौथ्या दिवशी जीभ स्वच्छ दिसली आणि मी बाटली कपाटात ठेवली. पुढच्या आठवड्यात सगळं परत! दुसऱ्या खेपेला लक्षणं गेल्यावरही दोन दिवस औषध चालू ठेवलं.

काहींना क्लोट्रिमॅझोलच्या चघळायच्या गोळ्या, मायकोनॅझोलचं जेल किंवा पोटात घ्यायचं फ्लुकोनॅझोल देतात. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा. जेल नुसतं तोंडात लावायचं असलं तरी सांगा, कारण मायकोनॅझोल आणि फ्लुकोनॅझोल दोन्हींमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

इनहेलर बंद करू नका. मी आता स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावते आणि प्रत्येक वेळी चूळ भरून, गुळण्या करून थुंकते. विसरायला होतं म्हणून इनहेलर ब्रशशेजारीच ठेवलाय. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, भिजवून ठेवा. कवळीवर बुरशी तशीच राहिली तर औषधाचा गुण टिकत नाही.

तान्ह्या बाळाच्या तोंडात असे चट्टे दिसले आणि ते अंगावर पीत असेल, तर बहुधा आईच्या स्तनाग्रांवरही उपचार करावे लागतात, नाहीतर बुरशी एकमेकांना देणं चालूच राहतं. बाळाला मध चाटवू नका, वर्षाच्या आत तो धोक्याचाच. जेलही मनाने लावू नका, घशात अडकू शकतं.

गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा एचआयव्ही असलेल्यांनी पहिला चट्टा दिसताच जावं.