कोअर शॉपमध्ये नव्याने रुजू होताय? आधी सीआरजीओ ओळखा

ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसाठी लागणारा सीआरजीओ (कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड) पोलादाचा पत्रा मिलमधून निघतो तेव्हाच सगळ्यात चांगल्या अवस्थेत असतो. पुढे कापताना, उचलताना, रचताना त्याचा लॉस, म्हणजे उष्णता होऊन वाया जाणारी वीज, वाढतच जातो. टेस्ट सर्टिफिकेटवर 1.7 टेस्ला, 50 हर्ट्झला जे वॅट प्रति किलो लिहिलेले असतात, त्यापेक्षा तयार कोअरचे बहुतेक वेळा 10 ते 30 टक्के जास्त भरतात. ही वाढ कमीत कमी ठेवणं हेच आपलं काम.

या पत्र्यात साधारण 3 टक्के सिलिकॉन असतं आणि त्याचे ग्रेन (धातूचे स्फटिक) रोलिंगच्या दिशेला लागलेले असतात. फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) त्या दिशेने सहज जातो. आडवा न्यायला गेलं की लॉस कित्येक पट होतो. म्हणून रोलिंगची दिशा पत्तीच्या (कापलेल्या पट्टीच्या) लांबीलाच हवी. लिंब (कोअरचे उभे खांब) आणि योक (त्यांना जोडणारे आडवे भाग) मिळतात तिथे 45 अंशांचा कट देतात, आणि स्टेप-लॅपमध्ये प्रत्येक थराचा जोड काही मिलिमीटर सरकवतात, म्हणजे सगळे जोड एकावर एक येत नाहीत.

सगळ्यात जास्त लक्ष बरकडे, म्हणजे कापताना कडेला उठणाऱ्या बारीक धारेकडे, द्या. पत्त्यांवरचं इन्सुलेशन जेमतेम काही मायक्रॉनचं असतं. कडेची बर ते फोडून शेजारच्या पत्तीला टेकते, दोन पत्त्या शॉर्ट होतात आणि एडी करंटला (पत्र्यातच गोल फिरणाऱ्या करंटला) वाट मिळते. मायक्रोमीटर एकदा कडेवर आणि एकदा 10 मिमी आत लावा. आत 0.23 आणि कडेला 0.26 आलं, तर बर 0.03 मिमी आहे. मर्यादा साधारण 0.02 ची, तेव्हा लाइन थांबवा. बर सलग असेल तर ब्लेड बोथट झालंय किंवा दोन ब्लेडमधला गॅप चुकलाय. तो पत्र्याच्या जाडीच्या 5 टक्क्यांच्या आसपास लागतो. बर ठरावीक अंतराने येत असेल तर ते अंतर मोजा. 250 मिमी व्यासाच्या स्लिटिंग ब्लेडला टवका गेला असेल, तर बर दर 785 मिमीला, म्हणजे ब्लेडच्या परिघाइतक्या अंतराने, दिसेल.

पत्ती वाकवू नका, आपटू नका, लांब पत्ती एका टोकाला धरून उचलू नका. डोळ्यांना काही दिसत नाही, पण आत ताण राहतो आणि नो-लोड लॉस (ट्रान्सफॉर्मरवर भार नसतानाही होणारा लॉस) वाढतो. वाउंड (पट्टी गुंडाळून केलेल्या) कोअरचा ताण 800 अंश सेल्सिअसच्या आसपास, नायट्रोजनमध्ये अॅनिलिंग करून (तापवून हळू थंड करून) काढता येतो. रचलेल्या मोठ्या कोअरला सहसा ती सोय नसते. आणि साधी लेझर-स्क्राइब केलेली (लॉस कमी करायला लेझरने बारीक रेघा मारलेली) ग्रेड भट्टीत घालूच नका, स्क्राइबिंगचा फायदा उष्णतेने निघून जातो.

थराचा हिशेब उंचीवर सोडू नका, वजन करा. घनता 7.65 ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर 200 मिमी रुंद, 1 मीटर लांब, 0.23 जाडीची पत्ती सुमारे 352 ग्रॅम भरते. उंची बरोबर आणि वजन कमी आलं, तर थरात हवा किंवा बर आहे.

क्लॅम्प आवळल्यावर कोअर आणि फ्रेममधलं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासा. अर्थिंग एकाच ठिकाणी हवं. दोन ठिकाणी झालं तर त्यातून करंट फिरतो आणि कोअर तापतो.