शतपावली पुरत नाही: गोडाच्या जेवणानंतर रक्तवाहिन्यांसाठी कसे चालावे

गोडाधोडाच्या जेवणानंतर शतपावली घातली की भागले, असे मानणाऱ्यांनी ती एकदा घड्याळ लावून घालून पाहावी. बऱ्यापैकी वेगाने चालणाऱ्या माणसाची शंभर पावले एका मिनिटात संपतात, आणि दोन वाट्या श्रीखंडानंतर रक्तात चढणाऱ्या साखरेला एका मिनिटाने काहीही होत नाही. साखर सीमारेषेवर आल्याचे कळल्यापासून गेली अकरा वर्षे मी प्रत्येक सणाला हे चालणे नेमाने करीत आले आहे, आणि या काळात मिळालेल्या सल्ल्यांपैकी निम्मे सल्ले निरुपयोगी होते.

प्रश्न केवळ साखरेच्या आकड्याचा नाही. रक्तवाहिनीच्या आत एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते, आणि त्याच्या इशाऱ्याने वाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल होऊन वाहिनी रुंदावते. हे कोडे उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले. साखर झपाट्याने चढली की हा वायू निकामी होऊ लागतो, आणि एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या वाहिन्याही काही काळ पुरेशा रुंदावत नाहीत. चालण्याने येथे दुहेरी उपयोग होतो: आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो, आणि वेगाने वाहणारे रक्त अस्तराला घासत गेल्यामुळे ते अधिक नायट्रिक ऑक्साइड तयार करते.

पहिली पायरी आदल्या दिवशीची आहे आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. सणाच्या आदल्या संध्याकाळी पाऊण ते एक तास भरभर चालावे. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात लोकांना चॉकलेट आणि गोड शीतपेय देऊन त्यांच्या वाहिन्या तपासल्या, तेव्हा आदल्या दिवशी व्यायाम झालेला असताना त्या अधिक चांगल्या रुंदावत असल्याचे दिसले. दुसरी पायरी ताटावरची: आधी कोशिंबीर, उसळ आणि वरण खावे, गोड शेवटी घ्यावे.

तिसरी पायरी म्हणजे जेवून उठणे, आणि सगळी अडचण येथेच आहे. चालायचे कसे हे कोणालाही येते. कधी उठायचे हे मला कळायला तीन वर्षे लागली. पहिल्या वर्षी मी घरातल्या थोरांचे ऐकले. जेवल्यावर लगेच हालचाल करू नये, तासभर जाऊ द्यावा, अन्न खाली बसू द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. पाडव्याच्या दुपारी दीड वाजता पान वाढले, दोनला जेवण आटोपले, आणि ‘नुसती पाठ टेकते’ म्हणून मी जी आडवी झाले ती साडेचारच्या चहालाच उठले. वामकुक्षी ही डाव्या कुशीवरची थोडीशी विश्रांती. आपण तिचे दोन तासांच्या झोपेत रूपांतर केले आहे. निरोगी माणसाची साखर जेवणानंतर साधारण अर्ध्या ते एका तासात शिखर गाठते, म्हणजे मी घोरत असतानाच सगळा प्रकार उरकला होता.

दुसऱ्या वर्षी मी उलटे टोक गाठले. पुरणपोळ्या खाऊन हात धुतले आणि थेट पर्वती चढायला घेतली. अर्ध्या पायऱ्यांवर कुशीत अशी कळ आली की कठड्याला धरून बसावे लागले. वरच्या देवळापर्यंत मी पोहोचलेच नाही. भरल्या पोटी आतडी रक्त मागत असतात आणि चढावर पायही तेच मागतात, तेव्हा या ओढाताणीत माणसाची फजितीच होते. ज्यांना हृदयविकार आहे त्यांच्यासाठी ही फजिती राहत नाही, कारण जड जेवणानंतरच्या श्रमाने छातीत कळ येऊ शकते. अशांनी किती चालावे हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वयस्कर मंडळींचा रक्तदाब जेवणानंतर उतरू शकतो, म्हणून त्यांनी ताटावरून झटकन उठू नये आणि सोबतीशिवाय बाहेर पडू नये.

आता माझे मत ठाम आहे. शेवटचा घास घेतल्यापासून दहा ते वीस मिनिटांत चालायला लागावे. जिलेबी, उसाचा रस, गुलाबजाम असे साखरेचे थेट काम असेल तर दहाच मिनिटांत. पुरणपोळीवर तुपाची धार धरली असेल तर पोट सावकाश रिकामे होते आणि साखर उशिरा चढून जास्त वेळ रेंगाळते, म्हणून तेव्हा पंधरा मिनिटे आत्ता आणि दहा मिनिटे तासाभराने, असे दोनदा चालावे. मधल्या दहा मिनिटांत पलंगाच्या दिशेला फिरकू नये. मी चपला जेवायला बसण्यापूर्वीच दाराशी काढून ठेवते आणि विडा हातात घेऊन बाहेर पडते, कारण सोफ्यावर एकदा बसले की पुन्हा उठत नाही हे मला स्वतःविषयी पुरते कळलेले आहे.

येथे घरोघरच्या बायका म्हणतील की आमची मागची आवराआवर चाललेलीच असते. ती पडून राहण्यापेक्षा निश्चितच बरी, परंतु ओट्यापाशी उभे राहून भांडी विसळताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू फारसे वापरले जात नाहीत. भांडी आडवे होऊ पाहणाऱ्यांच्या हाती द्यावीत आणि आपण चालायला जावे.

चाल अशी असावी की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. पंधरा मिनिटे, म्हणजे सुमारे दीड हजार पावले, सपाट जागी. पाडव्याच्या दुपारी ऊन रणरणत असते, तेव्हा इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या माराव्यात. रात्रीच्या जेवणानंतरचे चालणे मात्र चुकवू नये. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टाइप 2 मधुमेहाचे रुग्ण प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालले तेव्हा त्यांची जेवणानंतरची साखर, दिवसातून एकदाच सलग तीस मिनिटे चालण्याच्या तुलनेत, 12 टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक 22 टक्के होता. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम उतरू शकते, तेव्हा त्यांनी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

चालून आल्यावर पत्त्यांचा डाव मांडायला हरकत नाही, पण अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारावी.

वाहिन्या किती रुंदावतात हे घरी मोजता येत नाही. त्यासाठी हाताला पाच मिनिटे पट्टा आवळून, तो सोडल्यावर दंडाची धमनी सोनोग्राफीवर पाहतात, आणि घरचे रक्तदाबाचे यंत्र त्याची जागा घेत नाही. हाताशी असतो तो ग्लुकोमीटर. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा मोजावे, चाललेल्या आणि न चाललेल्या सणाचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत, आणि मोजण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. एका दसऱ्याला माझा आकडा 291 आला आणि घरात धावपळ उडाली. बोट मी स्पिरिटच्या बोळ्याने नीट पुसले होते; पण त्याच बोटांनी जिलेबी मोडली होती आणि पाक नखाच्या कडेला तसाच चिकटलेला होता. हात धुऊन पुन्हा टोचले तेव्हा 138 आला.