मूत्रपिंडात परिणाम 'नाही' असं लिहिण्याआधी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी समितीपुढे एक यादी ठेवली होती. आईवडिलांकडून आलेले जे डीएनएतले फरक स्नायूत जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे ते जनुक किती चालतं ते, कमीजास्त करतात पण मूत्रपिंडात करत नाहीत, अशांची ती यादी. शीर्षक दिलं होतं 'ऊतीविशिष्ट ईक्यूटीएल'; अभिव्यक्ती बदलणाऱ्या अशा फरकाला ईक्यूटीएल म्हणतात. बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "मूत्रपिंडाचे नमुने किती होते?" मला सांगता आलं नाही. सहा महिन्यांचं काम त्या एका प्रश्नात गेलं. आजही आठवलं की पोटात कालवतं.

नमुने होते ७३. स्नायूचे ७०६. मी वापरलेल्या जीटेक्सच्या, म्हणजे माणसाच्या वेगवेगळ्या ऊतींतल्या अभिव्यक्तीच्या खुल्या संग्रहाच्या, आठव्या आवृत्तीत ८३८ दाते आणि ४९ ऊती आहेत, पण ऊती मृत्यूनंतर गोळा केलेल्या, त्यामुळे प्रत्येक दात्याची प्रत्येक ऊती हाती लागलेली नाही. हे मी वाचलं होतं. माझ्या यादीवर त्याचा काय परिणाम होतो, याचा विचार मात्र केला नव्हता.

हे नीट समजून घ्या, घाई करू नका. समजा एका फरकाचा परिणाम दोन्ही ऊतींत तंतोतंत सारखा आहे, स्लोप (परिणामाचा आकडा) ०.३. स्नायूत स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) ०.०५ आली, म्हणजे स्लोप भागिले एरर ६. हा सहज निकष पार करतो. नमुने साधारण दहापट कमी झाले की स्टँडर्ड एरर सुमारे तिप्पट होते, म्हणून मूत्रपिंडात भागाकार उरतो २. जनुकाच्या सुरुवातीपासून दोन्हीकडे डीएनएच्या १०-१० लाख अक्षरांच्या पट्ट्यात हजारो फरक तपासायचे असतात, तिथे २ ला कोण विचारतं? परिणाम तोच, पण एका यादीत 'आहे' आणि दुसऱ्या यादीत 'नाही'. मी दोन याद्यांची वजाबाकी केली आणि उरलं त्याला जीवशास्त्र समजले. ती नमुन्यांची वजाबाकी होती.

दुसरा घोटाळा याच पोटातला. कमी नमुन्यांच्या ऊतीत निकष पार करायला स्लोप मोठाच दिसावा लागतो, म्हणून जे पार होतात त्यांचे आकडे बरेचदा फुगलेले असतात. त्यावरून 'मूत्रपिंडात परिणाम जास्त तीव्र' असंही मी एका स्लाइडवर लिहिलं होतं. शिवाय प्रत्येक ऊतीतली अभिव्यक्ती आधी वेगळी नॉर्मलाइज केलेली (एका ठरावीक मापात बसवलेली) असते, त्यामुळे दोन ऊतींचे स्लोप थेट शेजारी ठेवून तीव्रता मोजायची नसते. त्यासाठी अॅलेलिक फोल्ड चेंज, म्हणजे एका अक्षरामुळे दुसऱ्याच्या तुलनेत अभिव्यक्ती किती पट होते ते, बघा.

मग करायचं काय? फक्त निकष पार केलेल्या (सिग्निफिकंट) फरक-जनुक जोड्यांची फाइल उतरवून थांबू नका. सगळ्या जोड्यांची फाइल घ्या, स्लोपची दिशा जुळते का ते पाहा, स्टँडर्ड एरर सोबत ठेवा, आणि मॅशआरसारखी सर्व ऊती एकत्र तोलणारी पद्धत वापरा. सिनिअरनी दिलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवू नका. माझी वजाबाकी अशाच एका स्क्रिप्टमधून आली होती, आणि ती कुठल्या प्रश्नासाठी लिहिलेली होती हे मी विचारलंच नव्हतं. गाइडबद्दल माझं मत ठाम आहे: मोठ्या नावापेक्षा दर आठवड्याला तुमचे कच्चे आलेख बघणारा माणूस बरा.

संख्याशास्त्राचा मनापासून कंटाळा असेल तर या विषयात येऊ नका. भीती वाटत असेल तर खुशाल या. मी एमएस्सी वनस्पतिशास्त्रातून आले, रिग्रेशन पंचविशीत शिकले.

आणि ऊतीविशिष्ट परिणाम खोटे असतात असा अर्थ काढू नका. पहिल्या गुणसूत्रावरचा आरएस१२७४०३७४ हा फरक घ्या. त्याच्या विरळ (कमी लोकांत आढळणाऱ्या) अक्षरामुळे जनुकं चालू करणाऱ्या सी/ईबीपी प्रथिनाला चिकटायला जागा तयार होते, यकृतात सॉर्ट१ जनुकाची अभिव्यक्ती वाढते आणि रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होतं. २०१० मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं गेलं. एफटीओ जनुकाचं प्रकरण वेगळा धडा देतं: लठ्ठपणाशी जोडलेला फरक बसलाय एफटीओच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाचा संकेत नसलेल्या भागात), पण परिणाम दूरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांवर, तोही चरबीच्या पूर्वपेशींमध्ये. तयार ऊतीचा सरसकट नमुना घेतला तर असं काही हातातून निसटतं. एखाद्या ऊतीत दिसलं नाही तर नमुन्यांची संख्या आणि पेशींचं मिश्रण, दोन्ही तपासा.

आपल्याकडच्या मुलांसाठी आणखी एक. जीटेक्सचे सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे आहेत. जीनोमइंडिया या भारतीय प्रकल्पाने जवळपास १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, पण त्यांच्या यकृताची किंवा मूत्रपिंडाची अभिव्यक्ती त्यात नाही. आपल्या लोकांत शेजारचे फरक वेगळ्या जोड्यांनी वारशात येतात, त्यामुळे तिकडे यादीत सर्वांत ठळक ठरलेला फरक इकडेही खरा कारणीभूत असेलच असं धरून चालू नका.

जीटेक्सच्या दात्यांचा जनुकप्ररूप डेटा (कोणाच्या डीएनएत कोणतं अक्षर आहे ते) लागणार असेल तर परवानगीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. त्यावर संस्थेच्या अधिकाऱ्याची सही लागते. मी तो समितीनंतर टाकला, आणि स्नायूचे ७०६ मधले ७३ नमुने निवडून तुलना पुन्हा करायला मला त्यामुळेच पुढचा उन्हाळा उजाडला.