सरकार बदललं, आता घरकुलाच्या हप्त्याचं काय? तपासायची रीत

सत्ताबदल झाला की गावात पहिला प्रश्न येतो: मंजूर घरकुल रद्द होणार का? सहसा नाही. मंजुरी टिकते, अडतो तो पैसा, आणि तो कुठे अडेल हे योजनेगणिक वेगळं. म्हणून सुरुवात मंजुरीपत्रापासून करा. सगळ्यांनाच आपण 'घरकुल' म्हणतो, पण तिजोऱ्या निराळ्या आहेत.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. सपाट भागातल्या 1 लाख 20 हजारांपैकी 72 हजार केंद्राचे, 48 हजार राज्याचे. दुर्गम-डोंगराळ भागात एकूण 1 लाख 30 हजार. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी महाराष्ट्राने 2025 मध्ये वर आणखी 50 हजार जाहीर केले, त्यातले 15 हजार सौरऊर्जेसाठी. हा वाढीव भाग निव्वळ राज्याचा, तेव्हा चौकशीत तो मूळ अनुदानापासून वेगळा विचारा. रमाई आवास सामाजिक न्याय विभागाची, शबरी आदिवासी विकासची, मोदी आवास इतर मागास बहुजन कल्याणची. या तिन्हींमध्ये पैसा राज्याचाच. त्यामुळे मुंबईतल्या सत्ताबदलाची झळ यांना थेट लागते, दिल्लीतल्या बदलाची फारशी नाही.

केंद्राच्या योजनेत मात्र दोन सरकारांचं जमलं पाहिजे. छत्तीसगडचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथल्या काँग्रेस सरकारने राज्याचा वाटा वेळेत दिला नाही, तेव्हा केंद्राने 2021-22 चं लाखो घरांचं उद्दिष्ट (म्हणजे राज्याला ठरवून दिलेली घरांची संख्या) काढून घेतलं. डिसेंबर 2023 मध्ये सरकार बदललं आणि पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत 18 लाख घरांचा निर्णय झाला. पश्चिम बंगालला केंद्राचा निधी अडल्यावर राज्याने डिसेंबर 2024 पासून स्वतःच्या पैशातून हप्ते सुरू केले. पात्र कुटुंबं तीच होती. थांबावं लागलं ते त्यांनाच.

आता कागद बघू. सभेतल्या घोषणेवर एक वीटही येत नाही. शासन निर्णय निघाला का, हे राज्याच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून शोधा. नवं सरकार असा निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने फिरवू शकतं. कायद्यात गेलेली गोष्ट बदलायला विधिमंडळात जावं लागतं. मुंबईच्या झोपडीधारकांसाठी 1 जानेवारी 2000 ही पात्रतेची तारीख 2014 मध्ये कायद्यात आली; पुढे सरकारं बदलली तरी ती मागे गेली नाही.

शासन निर्णयातही दोन प्रकार असतात आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. 'प्रशासकीय मान्यता' म्हणजे खर्चाला होकार. पैसा हलतो तो 'निधी वितरित करण्याबाबत' अशा विषयाच्या निर्णयाने. त्यात लेखाशीर्ष (पैसा कोणत्या सरकारी खात्यावर टाकायचा तो हिशेबाचा क्रमांक), रक्कम आणि आर्थिक वर्ष असतं. दुसरा कागद नसेल तर पंचायत समितीत कितीही हेलपाटे घाला, उत्तर 'निधी आला नाही' हेच मिळणार, आणि ते खरं असणार. अर्थसंकल्पातली तरतूद अपुरी असेल तर पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्ये मागितलेला जादा निधी, बघा. निवडणुकीच्या वर्षी आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरती खर्चाची मंजुरी, येतं. 2024 मध्ये राज्याचा पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला मांडला गेला. तोवर मोठ्या वाढीव तरतुदीची आशा धरू नये.

आचारसंहितेचं कारण सरसकट पुढे केलं जातं. नवी मंजुरी आणि नवे लाभार्थी थांबतात हे बरोबर. पण जागेवर सुरू झालेलं काम चालू राहू शकतं, आणि पूर्ण झालेल्या कामाचं देयक द्यायला बंदी नाही. म्हणून मंजुरी मिळाली की पाया लवकर घ्या आणि जिओ टॅगिंगचा (जागेची नोंद असलेला) फोटो अभियंत्याकडून त्याच आठवड्यात चढवून घ्या. काम सुरू झाल्याचा पुरावा तोच.

आणखी एक: हप्ता थकला म्हणजे सरकारनेच अडवला असं नव्हे. आधार दुसऱ्याच बँक खात्याला जोडलेलं, खातं बंद पडलेलं, नावात फरक, पुढच्या टप्प्याचा फोटोच नाही, ही कारणं वरचेवर निघतात. शेजाऱ्याला त्याच योजनेत, त्याच टप्प्याचा हप्ता आला असेल तर आधी बँकेत जा, मंत्रालयाचा विचार नंतर.

'ड' यादीत, म्हणजे प्रधानमंत्री आवासच्या प्रतीक्षा यादीत, नाव आहे पण मंजुरी नाही, त्यांची बाजू सर्वात कमजोर. यादी म्हणजे हक्क नव्हे. उद्दिष्ट आलं तरच नंबर लागतो. त्यांनी ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणि यादीतला आपला क्रमांक जपून ठेवावा.

तोंडी उत्तरं पुरेनाशी झाली की 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. 'माझा हप्ता का आला नाही' असं विचारू नका, कारण माहिती अधिकारात कागद मागायचा असतो. असं लिहा: 'अमुक योजनेखाली चालू आर्थिक वर्षात तालुक्याला प्राप्त निधी, प्राप्तीची तारीख, खर्च व शिल्लक, तसेच माझ्या नोंदणी क्रमांकाच्या निधी हस्तांतरण आदेशांची प्रत द्यावी.' अर्ज पंचायत समितीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.