अवयवांची इंग्रजी नावं खेळातून शिकवताना या चुका टाळा

मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे आणि अवयवांची नावं हा सगळ्यात सोपा पाठ मानला जातो. साहित्य मुलांच्या अंगावरच असतं. मुलं नाचतात, गाणं तोंडपाठ होतं, आणि आठवड्याने एकेकट्याला ‘टच युअर एल्बो’ म्हटलं की हात गुडघ्यावर जातो. खेळ रंगला म्हणजे शब्द आला, हा समज आधी सोडायला हवा.

मूल ऐकतंय की नुसतं बघतंय?

बाई ‘नोज’ म्हणतात आणि त्याच क्षणी स्वतःच्या नाकाला बोट लावतात. मुलंही लावतात. शब्द ऐकायची गरज कुणालाच पडत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांच्या ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या भाषा शिकवण्याच्या पद्धतीचा सगळा भर ऐकून कृती करण्यावर आहे; बोलणं नंतर येतं. म्हणून कृती पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच करून दाखवा. मग हात पाठीमागे बांधून फक्त बोला. एक फेरी सगळ्यांना डोळे मिटायला लावून घ्या, म्हणजे शेजाऱ्याकडे बघून करणारी मुलं लगेच कळतात. तेही जमलं की मुद्दाम फसवा: तोंडाने ‘नोज’, हात कानावर. ज्यांचा हात कानाकडे जातो, त्यांच्यासाठी तो शब्द उद्या परत घ्या.

गाण्याचंही तसंच. डोक्यापासून पायांपर्यंत क्रमाने म्हटलेलं गाणं क्रमानेच आठवतं. ‘नी’ आठवायला मूल पुन्हा ‘हेड’पासून सुरुवात करतं. गाणं मध्येच थांबवा आणि भलताच अवयव विचारा, किंवा खालून वर म्हणा.

‘शिवाजी म्हणतो’मध्ये बाद करणं

चुकलेलं मूल बाद होऊन बसतं, म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. बाद करू नका. जो चुकला त्याने पुढे येऊन तीन आज्ञा द्यायच्या. त्याला पूर्ण वाक्य बोलावं लागतं आणि तो खेळातही राहतो. सुरुवातीला दोन आज्ञांमध्ये तीन-चार सेकंद जाऊ द्या. घाई केली की मुलं अंदाजाने हात हलवतात.

हात, पाय आणि बोटांचा घोळ

आपल्याकडे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच. इंग्रजीत मनगटाखाली ‘हँड’, वर ‘आर्म’. घोट्याखाली ‘फूट’, वर ‘लेग’. शिकवताना कोपराजवळ बोट ठेवून ‘हँड’ म्हटलं, तर पुढे ‘आर्म’ शब्द बसायला जागाच उरत नाही. मुलांच्या मनगटाला आणि घोट्याला रंगीत रिबन सैलसर बांधा. ‘हँड’ म्हटलं की रिबनच्या खाली टाळी, ‘आर्म’ म्हटलं की वर थोपटायचं. दोन दिवसांत फरक अंगात मुरतो. पायाची बोटं ‘टोज’, आणि पायाचा अंगठा ‘थम’ नव्हे, ‘बिग टो’. हे बूट-मोजे काढूनच शिकवा.

नाक विचारताना बोट कुठे ठेवायचं हे स्पष्ट असतं, पण डोक्यावर बोट ठेवून ‘व्हॉट इज धिस?’ विचारलं आणि मूल ‘हेअर’ म्हणालं, तर ते बरोबरच आहे. तळहात पूर्ण डोक्यावर ठेवा. केसांसाठी चिमटीत बट धरा.

एका दिवशी पाचच शब्द घ्या, तेही ऐकायला आणि जागेने एकमेकांपासून लांबचे: शोल्डर, नोज, हँड, स्टमक, फूट. ‘आय’ आणि ‘इअर’ किंवा ‘चिन’ आणि ‘चीक’ एकाच दिवशी घेतले की दोन्ही कच्चे राहतात. दुसऱ्या दिवशी नवीन काही सांगण्याआधी कालच्या पाचांना दोन मिनिटं द्या.

उजवं-डावं उलटं पडणं

तुम्ही मुलांसमोर तोंड करून उजवा हात वर केला, तर मुलं आरशासारखा डावा करतात. ‘राइट हँड’ म्हणताना मुलांकडे पाठ करा.

उच्चार आणि स्पेलिंग

‘नोज’, ‘आईज’मधला शेवटचा ‘ज’ ‘जेवण’मधला नाही, ‘जाड’मधल्या ‘ज’च्या जवळचा आहे. ‘टीथ’, ‘माउथ’ म्हणताना जीभ दातांमध्ये किंचित दिसली पाहिजे. आपला ‘थ’ तिथे पुरत नाही. छोटा आरसा हातात दिला की मुलं हे हसतखेळत करतात. अनेकवचनं कृतीतूनच द्या: एक पाय उचलून ‘वन फूट’, दोन्ही पायांवर उडी मारून ‘टू फीट’. मराठीत ‘केस काळे आहेत’ म्हणतो, म्हणून मुलं ‘हेअर्स आर ब्लॅक’ म्हणतात. तिथे न रागावता ‘माय हेअर इज ब्लॅक’ हे पूर्ण वाक्य आपण म्हणून दाखवावं.

‘नी’, ‘थम’, ‘रिस्ट’ यांची स्पेलिंग फळ्यावर आधी लिहिली, तर न उच्चारायची अक्षरंही मुलं वाचायला लागतात. शब्द कानात पक्का बसेपर्यंत, निदान आठवडाभर, फळा कोराच ठेवा.

आणि प्रत्येक आज्ञेत ‘युअर’ स्वतःचंच असू द्या. दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा खेळ घेऊच नका. कुणी नको म्हटलं तर थांबायचं, हे याच तासाला सांगून ठेवा.